गांधी, लातूर आणि कलम 292

शाळा सुटली तशी कविताही सुटली. पुढे बँकेत परिपत्रकांखेरीज काही वाचलं नाही. निवृत्तीनंतर एका वाचनकट्ट्यावर जाऊ लागलो, तर मंडळींनी पहिलीच कविता हातात ठेवली ती वसंत दत्तात्रेय गुर्जरांची ‘गांधी मला भेटला’. म्हणाले, “बँकवाले तुम्ही, तुम्हाला ही माहीत हवी.” कारण 1994 साली ती बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या ‘बुलेटिन’मध्ये छापली गेली आणि त्यावरून खटला झाला.

वाचून डोकं भणाणलं. गांधी एका ठिकाणी भेटतो, लगेच भलत्याच ठिकाणी. दर भेटीत बोली निराळी, आणि मधूनच असे शब्द की घरात कुणी बघत नाही ना, म्हणून मी मागे पाहिलं. हे बोलतंय तरी कोण? बँकेत सही कुणाची, खातं कुणाचं हे कळल्याशिवाय पैसा हलत नाही. इथे सही गुर्जरांची, खातं गांधींचं आणि रक्कम मात्र आपल्या सगळ्यांच्या नावे टाकलेली!

कट्ट्यावरच्या एक बाई म्हणाल्या, “अहो, कवी गांधींना शिव्या घालत नाहीये. गांधींचं काय करून ठेवलंय आपण, ते दाखवतोय.” अर्धं पटलं. उरलेल्या अर्ध्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचं निकालपत्र काढलं. कायद्याची भाषा निदान सवयीची.

तक्रार पुण्याच्या पतित पावन संघटनेच्या एका कार्यकर्त्याची. गुन्हा नोंदला गेला लातूरच्या गांधी चौक पोलीस ठाण्यात. (हे कवीला सुचलं असतं, तर अतिशयोक्ती म्हणालो असतो.) निकाल आला 14 मे 2015 रोजी, म्हणजे वीस वर्षांनी. न्यायालयाने काव्यातलं स्वातंत्र्य मान्य केलं. पण ऐतिहासिक थोर पुरुषाच्या तोंडी अश्लील भाषा घातली, की समाजाच्या समकालीन मापदंडाची कसोटी अधिक कडक होते, असं म्हटलं. संपादकाने अंकातून आधीच माफी मागितली होती, म्हणून त्याच्यावरचा आरोप रद्द झाला. कवीला मात्र तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम 292 खाली खटल्याला सामोरं जायला सांगितलं.

इथे मी कवितेपेक्षा जास्त गोंधळलो. समाजाचा मापदंड म्हणजे कुणाचा? तक्रारदाराचा, त्या बाईंचा, की मागे वळून पाहणाऱ्या माझा? कलम 292 तर अश्लीलतेचं होतं. त्यात माणूस थोर की सामान्य, असा भेद मला कुठे दिसला नाही. तो निकालाने आणला.

कविता मला अजूनही आवडलेली नाही. काही जागी ती नुसती धक्का देण्यासाठी धक्का देते, असं माझं मत आहे, आणि ते मी कट्ट्यावर भांडून मांडतो. पण हे भांडण कट्ट्यावरचंच, पोलीस ठाण्यातलं नव्हे. तुम्ही निकालपत्र जरूर वाचा. फक्त आधी कविता वाचा.