खुकरीच्या आत कोणी शिरू नये

वर्सोवा, मढ, गोराईचं पाणी इतकं गढूळ की त्यात बुडी मारून बघण्यासारखं काही नाही. म्हणून अंधेरी-बोरिवलीची हौशी मंडळी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने मालवण-तारकर्ली गाठतात. अशांसाठीच निवतीच्या खडकांजवळ नौदलाची निवृत्त नौका ‘गुलदार’ समुद्रतळाशी बसवायचा प्रकल्प राज्याने हाती घेतला. रणगाडे आणि सैनिक किनाऱ्यावर उतरवणारी ही नौका जानेवारी २०२४ मध्ये सेवेतून मुक्त झाली. हा प्रकल्प मला मनापासून पटतो, आणि तो पर्यटनाच्या कमाईसाठी नव्हे. मुद्दाम बुडवलेल्या जहाजाबरोबर कोणी बुडत नाही. युद्धनौका पाण्याखाली आतून बघायची ओढ खरी आहे. ती भागवायला असंच जहाज हवं. लढाईत बुडालेल्या जहाजात मात्र हौसेखातर कोणी शिरू नये.

अशीच एक युद्धनौका, भारतीय नौदलाची ‘खुकरी’, मुंबईहूनच निघाली होती. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री, दीवपासून सुमारे ४० सागरी मैलांवर, पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीच्या पाणतीराने तिला गाठलं आणि काही मिनिटांत ती बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडलं नाही. एवढ्या वेळात खालच्या डेकवरच्यांनी अरुंद शिड्या चढून वर यायचं तरी कसं? बुडालेल्या जहाजाच्या बोळात डायव्हर शिरला, की फिनच्या एका फटक्याने वर्षानुवर्षं साचलेला गाळ उठतो आणि समोरचा हातही दिसेनासा होतो. खुकरीत त्या गाळाखाली माणसं आहेत. ज्यांच्या घरी देह परतलाच नाही, त्यांच्यासाठी तीच एक जागा उरली आहे.

आठवण जपायची तर तिथवर जायलाच हवं, असं कोणी म्हणेल. पण दीवला स्मारक आहे, आणि माझगाव डॉकमध्ये बांधलेली दुसरी ‘खुकरी’ही आता दीवलाच संग्रहालय म्हणून उभी आहे. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा. १९४२ मध्ये जावा समुद्रात बुडालेल्या ‘डी रॉयटर’ आणि ‘जावा’ या डच क्रूझर भंगारचोरांनी जवळजवळ समूळ उचलून नेल्या. ते २०१६ मध्ये उघडकीला आलं, तेही खाली उतरलेल्या डायव्हर्समुळेच. कोणी फिरकलंच नाही तर चोरी कळणार कशी? हे मान्य करायलाच हवं, म्हणून माझा विरोध पाहणीला नाही. नौदलाच्या परवानगीने, बाहेरून, कशालाही हात न लावता पाहणी जरूर व्हावी. ब्रिटनच्या १९८६ च्या कायद्यात हाच भेद आहे: संरक्षित ठरवलेली काही जहाजं बघता येतात, पण परवान्याशिवाय आत शिरणं किंवा काही उचलणं हा गुन्हा. युनेस्कोचा २००१ चा करार किमान १०० वर्षं पाण्याखाली असलेल्या अवशेषांपुरता. खुकरीची शंभरी २०७१ मध्ये भरेल. तोवर वाट बघत बसणं मला पटत नाही. ब्रिटनसारखा कायदा आपल्याकडेही हवा, आणि त्याच्या पहिल्याच यादीत विशाखापट्टणमजवळ बुडालेल्या ‘गाझी’ पाणबुडीचं नावही हवं. तिच्यातले नौसैनिक पाकिस्तानचे होते, म्हणून ती वगळता येणार नाही.