तंबाखूचे पक्ष

तंबाखूचा शौकीन एकटा क्वचितच आढळतो. चंची उघडली की चार माणसे जमतात आणि चार माणसे जमली की वाद ठरलेलाच. आमच्या हिंगोली जिल्ह्यात, वसमत-कळमनुरीकडच्या आठवडी बाजारांत आणि गावोगावच्या पारांवर, हा वाद आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. एक पक्ष निपाणीच्या पानाचा. तो कडकपणा दुसऱ्या मातीला येत नाही, हे त्याचे ठाम मत. दुसरा पक्ष पुडीतल्या बारीक जर्द्याचा. चिलीमवाल्या वृद्धांना दोघेही पोरकट वाटतात. ओली छापी आणि गोवरीचा निखारा यांवाचून चव कळत नाही म्हणतात. परसदारी मिश्री किती भाजावी, यावर सासू-सुनांचेही एकमत नसते. पाश्चात्त्य देशांतले पाइपवालेही व्हर्जिनिया, धुरावर वाळवलेली लताकिया आणि लुइझियानाच्या सेंट जेम्स पॅरिशमधली आंबवलेली पेरीक यांच्या मिश्रणांवरून असेच हुज्जत घालतात.

या वादाने मैत्री तुटल्याचे ऐकिवात नाही. भाकर मागायला लाजणारा मनुष्यही अनोळखी माणसाजवळ चिमूटभर तंबाखू निःसंकोच मागतो.

पोर्तुगीजांबरोबर हे पान आपल्याकडे आले. असद बेगने १६०४ च्या सुमारास ते विजापूरहून अकबराच्या दरबारी नेले, तेव्हा तिथेही दोन तट पडले. ख्रिस्तसभेनेही या प्रश्नात लक्ष घातले. १६४२ साली पोप आठवे अर्बन यांनी सेव्हिलच्या चर्चमध्ये तंबाखू घेणाऱ्यांना बहिष्काराची शिक्षा सांगितली. तेव्हा प्रश्न वेदीच्या पावित्र्याचा होता. २०१७ साली पोप फ्रान्सिस यांनी पुढील वर्षापासून व्हॅटिकनमधील सिगारेटविक्री बंद करण्याचे ठरविले, तेव्हा कारण आरोग्याचे होते.

ते कारण आमच्या धर्मग्रामातही येऊन पोहोचले. डोळे मिटून केवळ वासावरून पान ओळखणारे आमचे एक स्नेही तोंडाच्या कर्करोगाने आजारी पडले. रोगाने त्यांना पक्ष विचारला नाही. शस्त्रक्रियेनंतर तोंड बोटभरही उघडेना. मिस्सेच्या वेळी फादर त्यांना चमच्याने ख्रिस्तरक्ताचे दोन थेंब देत. ते थेंब गिळताना त्यांना होणारे कष्ट साऱ्या चर्चने पाहिले. रांगेत मागे उभ्या असलेल्या कित्येकांचे हात नकळत खिशातल्या डबीकडे गेले.

आपल्यापैकी अनेकजण प्रायश्चित्तकाळात तंबाखू सोडतात आणि पुनरुत्थान रविवारी दुपारीच पुन्हा चंची उघडतात. चाळीस दिवस जे साधते, ते एकेचाळिसाव्या दिवशी का साधू नये? आम्हांस वाटते, तलफेइतकीच आणखी एक भीती आड येते. चंची गेली की पारावरची आपली जागाही जाईल, असे मनुष्याला वाटत असते.

आमच्या स्नेह्यांची जागा मात्र गेली नाही. संध्याकाळी ते येऊन बसतात. मंडळींनी त्यांच्यासमोर मळणे बंद केले. काहींनी पुढे घरीही सोडले. वाद तेवढा थांबला नाही. आता तो हळदीवरून चालतो : सेलम चांगली की सांगलीकडची राजापुरी? दोन्ही पक्ष हातघाईवर आले की सारे त्यांच्याकडे पाहतात. त्यांना बोलता येत नाही. ते दोन्ही वाणांच्या गाठी नाकाशी धरतात, डोळे मिटतात आणि एक गाठ वर उचलतात. हरलेला पक्ष कुरकुरत चहा सांगतो.