पत्रिकेवरचे धम्मचक्र

मागल्या वैशाखात आमच्या पुतणीचा मंगल परिणय झाला. मुलगी रोह्याची, मुलगा पेणचा. पत्रिकेचा मजकूर तयार करण्याचे काम अर्थातच आमच्याकडे आले. घरात एक जण कारकून असला की अर्ज, पावत्या, पत्रिका, पुण्यानुमोदनाची निमंत्रणे, सारे त्याच्याच गळ्यात पडते. आणि खरे सांगायचे तर आम्हांला ते आवडतेही.

पेणच्या एका छापखान्यातून ३०० पत्रिका छापून आल्या. पहिली पत्रिका विहारात तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे ठेवायची असा आमच्या घरचा रिवाज आहे, म्हणून ती आईच्या हाती दिली. आमच्या आईला अक्षरओळख नाही. तिचे सारे आयुष्य दुसऱ्याच्या शेतात भात लावण्यात गेले. तिने पत्रिका डोळ्यांजवळ नेली, वरच्या कडेवरून बोट फिरवले आणि विचारले, "ह्याच्यात चाक कुठं हाय रं?"

आम्ही पाहिले आणि आमचा चेहराच उतरला. जेथे धम्मचक्र हवे होते तेथे एक चौकोनी कंस उभा होता. हा असा: ] . खाली वधूवरांची नावे, तारीख, वेळ, स्थळ सगळे बिनचूक. वर मात्र अर्धवट कंस, जणू कोणी दार उघडे टाकून गेले आहे.

वाचक बंधू-भगिनींनो, दोष छापखान्याचा नव्हता. चूक आमची होती, आणि ती कशी झाली हे सांगण्यासाठीच हा लेख. आपल्या वस्त्यावस्त्यांतून आता मुले संगणकावर पत्रिका, फलक, अहवाल तयार करतात. आमची फजिती त्यांच्या उपयोगी पडावी.

आम्ही २००३ साली एमएस-सीआयटी केले. तेव्हा वर्गातल्या एका मित्राने एक गंमत दाखवली होती. विंडोजमध्ये विंगडिंग्ज नावाचा एक फाँट असतो. त्यात अक्षरे नाहीतच, सगळी चित्रे. हा फाँट निवडून बंद होणाऱ्या चौकोनी कंसाची कळ दाबली की पडद्यावर धम्मचक्र उमटते. आम्हांला केवढा आनंद झाला होता! परदेशातल्या कोणी तरी आपल्या चक्रासाठी एक कळ राखून ठेवली, याचे अप्रूप कित्येक दिवस वाटले. (त्याच्या शेजारच्या तिरक्या रेघेच्या कळीवर ॐ आहे. बोट जरासे घसरले तर बौद्धाच्या पत्रिकेवर काय छापले जाईल ते पाहा!) तेव्हापासून वीस वर्षे आम्ही वर्षावासाच्या कार्यक्रमपत्रिका, जयंतीच्या पावत्या, सगळ्यांवर हेच करत आलो.

पण त्यातले वर्म आमच्या कधी ध्यानात आले नाही. संगणकाच्या लेखी ते चक्र नव्हतेच. तो कंसच होता, फक्त चक्राचा मुखवटा घातलेला. आपण स्वतः छापत होतो तोवर मुखवटा टिकला. या वेळी फाईल पेनड्राईव्हमध्ये घालून पेणला दिली. तिथल्या मुलाने त्यांच्या रिवाजाप्रमाणे सगळा मजकूर एकदम निवडला आणि त्यांचा सुबक मराठी फाँट लावला. मुखवटा गळून पडला, कंस उरला. त्याने बिचाऱ्याने मोबाईलवर नमुना पाठविला होता. "काका, बघून ओके करा," म्हणाला. आम्ही ऑफिसातून सुटून गाडी पकडायच्या गडबडीत नावे वाचली, तारीख वाचली आणि ओके कळविले. वरच्या कडेकडे पाहिलेच नाही.

कोणी म्हणेल, एवढ्याशा चिन्हाचे एवढे काय? आमच्या थोरल्या भावाचे लग्न १९९४ साली झाले. तेव्हा पत्रिका खिळे जुळवून छापत. छापखान्यात गणपतीचा ठसा तयार असे. पेण तर गणपतीच्या मूर्तींचे गाव, तिथे ते साहजिकच. आपल्याला मात्र विचारत, "मग वर काय टाकू?" चक्राचा ठसा नव्हता, करून घ्यायला पैसे नव्हते. शेवटी एका फुलावर भागवले. वडील ती पत्रिका वाटताना प्रत्येक घरी सांगत, फूल आहे पण ते कमळ समजा. आम्ही तेव्हा शाळकरी होतो, पण वडिलांचे ते सांगणे ऐकून लाज वाटे ती अजून आठवते. १९५६ साली नागपूरला दीक्षा झाली, आणि अडतीस वर्षांनंतरही आपल्या माणसाला आपले चिन्ह तोंडी सांगावे लागत होते.

आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चिन्ह हेच अक्षर आहे. सांचीच्या जुन्या शिल्पात तथागतांची मूर्ती नाही. जेथे पहिले धम्मप्रवचन दाखवायचे तेथे चक्र कोरले आहे. पाहणाऱ्याला तेवढे पुरे होते. आमच्या आईलाही तेवढेच पुरते. पत्रिकांच्या ढिगातून आपल्या माणसाची पत्रिका ती चक्रावरून काढते.

आमच्या मंडळातल्या एका कार्यकर्त्याचे म्हणणे पडले की चक्र घालायचे तर चोवीस आऱ्यांचेच घाला, बाबासाहेबांनी दिलेले तेच. १९४७ साली राष्ट्रध्वज ठरविण्यासाठी घटना समितीने नेमलेल्या समितीवर बाबासाहेब होते, आणि २२ जुलै १९४७ रोजी घटना समितीने स्वीकारलेल्या तिरंग्यावर चरख्याच्या जागी सारनाथच्या स्तंभावरचे चोवीस आऱ्यांचे चक्र आले, हे खरेच. पण आठ आऱ्यांचे चक्र अष्टांगिक मार्गाचे म्हणून साऱ्या बौद्ध जगात चालते. आम्ही वाद वाढविला नाही. लग्नाच्या पत्रिकेवर आठ बरे, संसाराला आठच अंगे सांभाळता आली तरी पुष्कळ.

आता योग्य रीत सांगतो. जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना आणि चिन्हांना संगणकासाठी एकेक कायमचा क्रमांक दिलेला आहे. त्या पद्धतीला युनिकोड म्हणतात. त्यात धम्मचक्राला स्वतःचा क्रमांक आहे, २६३८. हा मुखवटा नव्हे, हे त्याचे खरे नाव. वर्डमध्ये कर्सर मोकळ्या जागी ठेवा, कीबोर्ड इंग्रजी करा, २६३८ हे आकडे इंग्रजी अंकांत टाका आणि लगेच ऑल्ट धरून एक्स दाबा. आकडे जातात आणि ☸ उमटते. मराठी कीबोर्ड चालू असताना उमटलेले आकडे संगणकाला या कामी कळत नाहीत, येथे आमची पहिल्यांदा अर्धा तास खटपट झाली. ज्यांना आकडे लक्षात राहात नाहीत त्यांनी इन्सर्टमध्ये जाऊन उजव्या टोकाचे सिम्बॉल, त्यात मोअर सिम्बॉल्स उघडावे, फाँट सेगो यूआय सिम्बॉल निवडावा, खालच्या चौकटीत तोच क्रमांक लिहावा आणि इन्सर्ट दाबावे. आमच्या विहारातल्या संगणकावर लिब्रेऑफिस आहे, ते फुकट मिळते. तिथेही ऑल्ट-एक्स चालते. चिन्ह फार बारीक दिसते, त्याचा आकार अठ्ठावीस-तीस करावा.

दुसऱ्या संगणकात त्या चिन्हाचा फाँट नसेल तर रिकामा चौकोन दिसेल. पण आत क्रमांक शाबूत असतो, फाँट बदलला की चक्र परत येते. कंसाचे तसे नाही. तरी छापखान्यात देताना वर्डच्या फाईलबरोबर पीडीएफही द्यावी, म्हणजे मूळ कसे होते ते समोर राहते.

याच निमित्ताने आमची आणखी एक चूक आम्हांला दिसली. पत्रिकेत 'बौध्द पद्धतीने' असे छापले होते. नीट पाहा. एकाच ओळीत 'पद्धती'त द आधी आहे, 'बौध्द'मध्ये ध आधी आला आहे. उच्चार करून पाहावा, बुद्-ध. आधी द, मग ध. म्हणून बुद्ध, बौद्ध, सिद्धार्थ. आपल्या फलकांवर, कमानींवर, दाखल्यांवर 'बुध्द' इतके पसरले आहे की डोळ्यांना ते खुपेनासे झाले. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर द आणि ध एकाच कळीवर आहेत, शिफ्ट धरली की ध. द, मग पाय मोडण्याची कळ, मग शिफ्टसह ध, एवढेच करायचे. शिफ्ट आधी दाबली गेली की तथागतांचे नाव चुकले. ही नुसती शुद्धलेखनाची चर्चा नव्हे. आमच्या मंडळाच्या सभासद यादीत एकदा 'बौद्ध' शब्द शोधला तर निम्मी घरेच सापडली. बाकीची 'बौध्द' म्हणून बसली होती आणि संगणकाला ती परकी वाटत होती.

चिन्हांचा विषय निघालाच आहे तर एक आवडीची गोष्ट सांगून टाकतो. रुपयाचे ₹ हे चिन्ह सरकारने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले. त्याचा क्रमांक दोन, शून्य, बी, नऊ. बाकी रीत तीच. बाबासाहेबांनी रुपयाच्या प्रश्नावर १९२३ साली ग्रंथ लिहिला, म्हणून वर्गणीच्या पावतीवर ते चिन्ह घालताना आम्हांला थोडा अभिमान वाटतो. ज्या २०१० साली ₹ युनिकोडात आला त्याच साली ब्राह्मी लिपीही आली. म्हणजे तळ्याजवळच्या कुडा लेण्यांतला लेख आज आपण टंकू शकतो. त्या लेण्यांत दान देणाऱ्यांची नावे कोरली आहेत. त्यांत एक माळी आहे, एक वैद्य आहे, आणि शिवभूती नावाचा एक 'लेखक' आहे, मांदाडच्या महाभोजाच्या पदरचा. लेखक म्हणजे त्या काळचा कारकूनच की. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याच खाडीकाठी एका कारकुनाने धम्माला लेणे दिले. हे कळल्यापासून ऑफिसात साहेब रागावला तरी आम्ही फारसे मनावर घेत नाही.

त्या ३०० पत्रिकांचे काय झाले ते राहिलेच. पुन्हा छापायला भावाकडे पैसे नव्हते आणि दिवसही नव्हते. पुतणी काही बोलली नाही, पण एक पत्रिका हातात घेऊन बराच वेळ बसली होती. मग आम्हीच कागदावर ☸ मोठे करून छापले आणि संध्याकाळी रोह्याच्या बाजारात रबरी शिक्के करणाऱ्याकडे गेलो. कंस झाकला जाईल एवढे माप दिले. दुसऱ्या दिवशी शिक्का मिळाला. निळ्या शाईची गादी आणली आणि घरातली सगळी पोरे ओटीवर गोल करून बसवली. एकाने पत्रिका सरकवायची, एकाने शिक्का मारायचा, एकाने वाळत घालायची. शिक्का मारायची पाळी सगळ्यांनाच हवी होती, त्यावरून भांडणे झाली. पहिल्या दहा-बारा पत्रिकांवर चक्र कलले, शाई पसरली. त्या आम्ही जवळच्या नातलगांना दिल्या, ते काही म्हणणार नाहीत म्हणून.

आईने एक पत्रिका दिव्याखाली धरली. आऱ्यांवरून नखाने मोजत गेली. "आठ हायत," म्हणाली, आणि ती पत्रिका पदराखाली घेऊन विहाराकडे निघाली.