चार प्रश्नांची तपासणी

अमेरिकेतल्या ऑफिस डेपो आणि ऑफिसमॅक्स या दुकानांत बरीच वर्षं एक सोय होती. घरचा कॉम्प्युटर उचलून न्यायचा, दुकानातला माणूस तो फुकट तपासून द्यायचा. प्रोग्रॅमचं नाव ‘पीसी हेल्थ चेक’. सुरुवातीला ग्राहकाला चार गोष्टी विचारायच्या: कॉम्प्युटर हळू चालतो का, व्हायरसची सूचना येते का, सारखा बंद पडतो का, नको त्या जाहिराती किंवा अशाच कशामुळे इंटरनेट वापरताना अडथळा येतो का. उत्तर ‘हो’ असेल तर त्या चौकोनात खूण. मग तपासणी चालायची, आणि शेवटी पडद्यावर यायचं की आत व्हायरस किंवा तसलंच काही शिरल्याची लक्षणं आहेत. पुढच्या दुरुस्तीचा खर्च ३०० डॉलरपर्यंत. मार्च २०१९मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने हे प्रकरण कोर्टात मांडलं, तेव्हा आयोगाचं म्हणणं असं होतं की व्हायरसच्या लक्षणांचा तो निकाल तपासणीतून येतच नव्हता. चारपैकी एका चौकोनात जरी खूण असली, तरी आत काहीही असो वा नसो, लक्षणं ‘सापडायची’च.

हे कितीही वेळा वाचलं तरी मला पचत नाही. फसवणूक जगात नवी नाही, पण इथे ग्राहकाचंच दुखणं त्याच्याकडून ऐकून घेऊन, मध्ये एक तपासणी घालून, तेच दुखणं पुरावा म्हणून त्याला परत विकलं गेलं. डॉक्टरने ‘ताप येतो का’ विचारावं, आपण ‘हो’ म्हणावं, मग त्याने थर्मामीटर तोंडात ठेवावा आणि त्याच्या काचेवर आकडा आधीच छापलेला असावा, असा हा प्रकार. दुकानांत काम करणाऱ्या लोकांच्या हे लक्षात आलं होतं. आयोगाच्या कागदपत्रांनुसार त्यांनी २०१२पासून वर कळवलं होतं की खूण केली की निकाल ठरलेला असतो. तरी प्रोग्रॅम चालू राहिला तो २०१६च्या नोव्हेंबरपर्यंत, एका टीव्ही वाहिनीने गौप्यस्फोट करेपर्यंत. शेवटी तडजोड झाली. ऑफिस डेपोने अडीच कोटी डॉलर भरले, प्रोग्रॅम पुरवणाऱ्या सपोर्ट डॉट कॉमने एक कोटी. पाच लाखांहून जास्त ग्राहकांना पैसे परत गेले. पण आपला चांगला चालणारा कॉम्प्युटर आजारी आहे असं समजून जी माणसं घरी गेली, त्यांच्या त्या समजाची भरपाई कुठल्या धनादेशाने होणार?

घरच्या कॉम्प्युटरसाठी देखभालीची कोणती सॉफ्टवेअर घ्यावीत, या प्रश्नाकडे मी याच प्रकरणातून बघतो. ‘फास्ट करा’, ‘स्वच्छ करा’, ‘दुरुस्त करा’ म्हणणाऱ्या प्रोग्रॅमची रांग लागलेली असते आणि प्रत्येकाच्या नावापुढे चार-साडेचार तारे असतात. त्यांतून निवडताना माझी कसोटी एकच: हा प्रोग्रॅम ‘काही बिघडलेलं नाही’ असं म्हणू शकतो का? आणि ‘बिघडलंय’ म्हणाला, तर ते मला दुसऱ्या कशाने पडताळून बघता येतं का? जो दर वेळी काहीतरी शोधून काढतोच, तो तपासत नसतो. आणि जो ‘१,२०० समस्या’ एवढंच सांगतो, पण त्यांतली एकही समस्या नाव-गाव घेऊन दाखवत नाही, त्याचा आकडा कोऱ्या पावतीसारखाच आहे.

ही कसोटी आजची नाही. १९९५ साली सिंक्रोनिस नावाच्या कंपनीने ‘सॉफ्टरॅम ९५’ विकलं. रॅम महाग होती, विंडोज ९५ तिच्यावर तुटून पडत होतं, आणि हा प्रोग्रॅम म्हणत होता की मी आहे ती रॅम दुप्पट करतो. पडद्यावर वाढलेली रॅम दाखवणारं मीटरसुद्धा होतं. लाखो प्रती खपल्या. जाणकारांनी आतला कोड उलगडून पाहिला तेव्हा कळलं की ज्या दाबून बसवण्याच्या युक्तीवर सगळा दावा उभा होता, ती युक्ती तिथे चालतच नव्हती. कंपनीला माल परत घ्यावा लागला आणि १९९६मध्ये याच आयोगापुढे तडजोड करावी लागली. काटा हलतो आहे म्हणजे काहीतरी मोजलं जातं आहे, हे आपण गृहीत धरतो. हा धंदा चालतो तो त्या गृहीतावर.

यावर नेहमीचा आक्षेप असा की क्लीनर चालवल्यावर कॉम्प्युटर खरंच फास्ट होतो, त्याचं काय? होतो, आणि म्हणणारे खोटं बोलत नाहीत. पण तो का होतो, हे वेगळं करून बघायला हवं. बरेच क्लीनर शेवटी रिस्टार्ट करायला सांगतात, आणि पुष्कळदा सगळा गुण त्या रिस्टार्टचाच असतो. विंडोज ८पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. ती चालू असेल तर आपण ‘शट डाउन’ करतो तेव्हा विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही. त्याची अवस्था डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. रोज रात्री कॉम्प्युटर बंद करणाऱ्या माणसाचं विंडोजही अशा रीतीने आठवडेच्या आठवडे न उतरलेलं राहू शकतं. ‘रिस्टार्ट’ मात्र सगळं मोकळं करून नव्याने सुरू करतो. दुसरं कारण, कॉम्प्युटर चालू होताच आपोआप उठणारे प्रोग्रॅम. क्लीनर ते बंद करतो आणि फरक पडतो, पण टास्क मॅनेजरमधल्या ‘स्टार्टअप’च्या पानावर हेच काम हाताने, फुकट आणि नाव बघून करता येतं. तिसरं, सी ड्राइव्ह गच्च भरलेला असेल तर जागा मोकळी होणं हा खरा फायदा आहे. त्यासाठी विंडोज ९८पासून ‘डिस्क क्लीनअप’ आहे आणि विंडोज १०पासून ‘स्टोरेज सेन्स’ आहे. आणि पंख्यात साचलेली धूळ? मे महिन्यात तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवायला मुद्दाम हळू चालतो. ती धूळ कुठलंच सॉफ्टवेअर काढत नाही.

दुसरा आक्षेप जुन्या लोकांचा. पूर्वी डीफ्रॅग, म्हणजे फाइलचे विखुरलेले तुकडे एकत्र मांडणं, करावंच लागायचं, मग आता का नको? त्यांचं म्हणणं त्या काळापुरतं पूर्ण खरं आहे. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर फाइलचे तुकडे इकडेतिकडे पडले की वाचणारा हात प्रत्येक तुकड्यासाठी हलावा लागतो, आणि ते हलणं वेळ खातं. विंडोज ९८च्या डीफ्रॅगमधले रंगीत चौकोन रात्रभर सरकताना ज्यांनी पाहिले, त्यांच्या मनात देखभालीचं चित्र ते कायमचं ठरलं. पण विंडोज विस्टापासून हे काम आठवड्याला आपोआप होतं. एसएसडीत, म्हणजे चिपवर साठवणाऱ्या डिस्कमध्ये, तर हलणारा हातच नाही. तिथे पुन्हा पुन्हा मांडामांड करणं म्हणजे मोजून दिलेल्या लिखाणाच्या फेऱ्या उगाच खर्च करणं. एसएसडीला लागते ती ‘ट्रिम’ची सूचना, म्हणजे कुठली जागा आता रिकामी आहे एवढं कळवणं. ती विंडोज ७पासून, २००९पासून, विंडोज स्वतः देतं. रजिस्ट्रीचं, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीचंही तसंच. काढून टाकलेल्या प्रोग्रॅमच्या काही नोंदी मागे राहतात हे खरं, पण लाखो नोंदींच्या वहीत काही शे ओळी जुन्या असल्या म्हणून वही उघडायला वेळ लागत नाही. उलट चुकीची एक ओळ खोडली तर चालता प्रोग्रॅम बसतो. मायक्रोसॉफ्टने स्वतः नव्वदच्या दशकात ‘रेगक्लीन’ काढलं होतं, नंतर ते मागे घेतलं, आणि आज असल्या क्लीनरना आपला पाठिंबा नाही असं ती कंपनी लिहून सांगते.

तिसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. सामान्य माणसाला एवढं कुठे कळतं? एक बटण दाबलं, झालं, यात काय चुकलं? बटण एक असण्यात काहीच चूक नाही. चूक आहे ती बटणामागे काय घडतं हे न कळण्यात, आणि ज्याचं पोट दुरुस्तीवर आहे त्यालाच रोगनिदान करायला बसवण्यात. मार्च २०१८पासून विंडोज डिफेंडर अशा प्रोग्रॅमना नकोसे ठरवून काढू लागला, जे घाबरवणारी, फुगवलेली सूचना देतात आणि मग पैसे भरा म्हणतात. तरी धंदा थांबला नाही. मार्च २०२४मध्ये रिस्टोरो आणि रीइमेज या दोन कंपन्यांना २ कोटी ६० लाख डॉलरची तडजोड करावी लागली, कारण अमेरिकेच्या त्याच आयोगाच्या म्हणण्यानुसार त्यांच्या जाहिराती विंडोजच्याच सूचनेचं सोंग घेऊन यायच्या. आपल्याकडे ज्याला खरंच व्हायरसची शंका आहे, त्याच्यासाठी केंद्र सरकारचं ‘सायबर स्वच्छता केंद्र’ २०१७पासून आहे. तिथली साफसफाईची हत्यारं फुकट मिळतात आणि त्यांपैकी एक पुण्याच्या क्विक हीलचं आहे. घाबरवणाऱ्या खिडकीतला फोन नंबर फिरवण्याआधी तिथे जावं.

मग ठेवावं काय? माझ्या मते फार थोडं. पहिलं, डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो. हार्ड डिस्क स्वतःच्या चुका स्वतः मोजते. ती मोजदाद डिस्कच्या आत असते आणि हा प्रोग्रॅम फक्त ती वाचून दाखवतो. फिरत्या डिस्कच्या तक्त्यात ०५ या क्रमांकाच्या ओळीत बघायचं. खराब झालेल्या किती जागा सोडून राखीव जागा वापरायला घेतल्या, तो आकडा तिथे असतो. शेवटच्या रकान्यात बारा शून्यांची ओळ दिसली तर ठीक. तिच्या शेवटी शून्याऐवजी दुसरं काही दिसलं आणि महिन्याभराने ते वाढलं, तर डिस्क बदलायची वेळ आली. सी५ची ओळ म्हणजे ज्यांचा निकाल लागायचा आहे अशा संशयित जागा. पण नव्या एनव्हीएमई एसएसडीत तोच ०५ ‘किती टक्के आयुष्य वापरलं’ हे दाखवतो, तेव्हा शून्य नाही म्हणून घाबरू नये. ओळीचं नाव वाचल्याशिवाय आकडा वाचू नये. दुसरं, मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांनी १९९६मध्ये सुरू केलेल्या आणि २००६मध्ये मायक्रोसॉफ्टने घेतलेल्या सिसइंटर्नल्समधलं ऑटोरन्स. विंडोजबरोबर काय काय उठतं याची पूर्ण यादी ते देतं, कुणी बनवलं त्या नावासकट. रॅमचा संशय असेल तर विंडोजची मेमरी तपासणी किंवा मेमटेस्ट८६. जागा कुठे गेली हे चित्रात दाखवणारं विनडरस्टॅट. ही चारही हत्यारं ‘काही नाही’ असं सांगू शकतात आणि यांतलं एकही दुरुस्तीचे पैसे मागत नाही.

इथवर मी आकड्यांची बाजू घेतली, पण आकड्यांनीच मला अडवलंय. गूगलच्या तिघा अभियंत्यांनी २००७मध्ये एक लाखाहून जास्त हार्ड डिस्कचा अभ्यास छापला. त्यात असं दिसलं की पृष्ठभाग तपासताना पहिली चूक सापडल्यावर पुढच्या ६० दिवसांत डिस्क बंद पडण्याची शक्यता ३९ पट वाढते. म्हणजे आकडा बोलतो तेव्हा ऐकावंच. पण त्याच अभ्यासात, बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून जास्त, ५६ टक्क्यांवर, अशा होत्या की ज्यांच्या चारही मुख्य मोजदादींत काहीच दिसलं नव्हतं. बारा शून्यांची ओळ तशीच आणि डिस्क गेलेली. ‘बिघडलंय’ हा निकाल विश्वासाचा, ‘ठीक आहे’ हा नाही. मी वर जी कसोटी मोठ्या आग्रहाने मांडली, ती अर्धीच पुरते. प्रामाणिक हत्याराचीही खात्री नसते, हे सीसीक्लीनरने दाखवलं. पुष्कळांच्या विश्वासातला हा प्रोग्रॅम. ऑगस्ट २०१७मध्ये त्याच्या ५.३३ आवृत्तीत, कंपनीच्या खऱ्या सहीसकट, कुणीतरी घुसखोर कोड घातला. सिस्को टॅलोस या सायबरसुरक्षा गटाच्या लोकांनी तो उघड केला तोवर ती आवृत्ती साधारण २२ लाख ७० हजार कॉम्प्युटरवर पोचली होती. कॉम्प्युटरच्या मुळापर्यंत हात घालायचा परवाना आपण ज्या ज्या प्रोग्रॅमला देतो, तो प्रत्येक एक दार आहे. म्हणून ठेवायची ती मोजकी ठेवा आणि काम झालं की काढून टाका, असा माझा आग्रह.

आणि त्या चार प्रश्नांबद्दलही मला माझंच म्हणणं थोडं मागे घ्यावं लागतं. हळू चालतो का, सूचना येतात का, बंद पडतो का, जाहिराती येतात का, हे प्रश्न मुळात अगदी योग्य आहेत. गल्लीतला चांगला दुरुस्तीवाला पहिल्यांदा हेच विचारेल, आणि ग्राहकाच्या उत्तराला कुठल्याही तपासणीपेक्षा जास्त मान देईल, कारण कॉम्प्युटरबरोबर रोज बसतो तो ग्राहक. अन्याय विचारण्यात नव्हता. उत्तर लपवून त्यावर तपासणीचा शिक्का मारण्यात होता. दुकानातला तोच माणूस समोर बसून ‘तुम्ही म्हणता की हळू चालतो, चला, स्टार्टअपचं पान उघडून बघू’ म्हणाला असता, तर त्याने १०० डॉलर घेतले असते तरी मी ते रास्त म्हटलं असतं. घरात हे प्रश्न आपणच आपल्याला विचारू शकतो, महिन्यातून एकदा, रिस्टार्ट करून झाल्यावर. आणि त्याच दिवशी घरातले फोटो, आईवडिलांच्या तपासण्यांचे रिपोर्ट, मुलांचे दाखले एका बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावेत. ती डिस्क मग कॉम्प्युटरला जोडलेली ठेवायची नाही. वायर काढून, तारीख लिहून, ती कपाटात ठेवायची.