खैतानमधलं नव्या लेखकांचं वर्ष

१९८९ची उन्हाळी सुट्टी संपवून आम्ही कुवेतला परतलो, तेव्हा काकांनी घरात एक नियम केला. भारतातून जो कुणी येईल त्याने एक पुस्तक आणायचं, आणि लेखक असा हवा की जो या घरात कुणीच वाचलेला नाही. खैतानच्या त्या फ्लॅटमध्ये आमची दोन बिऱ्हाडं राहत होती. स्वयंपाकघर एक आणि पुस्तकांची फळीही एकच. तिच्यावर पु. ल., व. पु., साने गुरुजी आणि जुने दिवाळी अंक होते. ते आम्हा भावंडांना जवळजवळ पाठ झाले होते.

विमानात सामानाला वजनाची मर्यादा. पुस्तकासाठी जागा करायची तर मसाला नाहीतर कोकम मागे राही. म्हणून आलेलं प्रत्येक पुस्तक सगळ्यांच्या हातून जात असे.

पहिले आले व्यंकटेश माडगूळकर. १९५५ साली आलेली ‘बनगरवाडी’ बाबा शुक्रवारी सकाळी मोठ्याने वाचत. तेव्हा कुवेतला गुरुवारी अर्धा दिवस आणि शुक्रवारी पूर्ण सुट्टी असे. धनगरांच्या वाडीवर आलेला पोरसवदा मास्तर, त्याची शाळा, मग दुष्काळ आणि ओस पडत गेलेली वाडी. आम्हाला पाऊस ठाऊक होता तो सुट्टीपुरता. तो न पडण्याचं दुःख काय असतं, हे त्या वाचनात कळलं. शेवटचं प्रकरण संपल्यावर बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत.

गौरी देशपांडे आल्या आणि आई-काकूंच्या होऊन गेल्या. इरावती कर्व्यांची ही मुलगी. तिने अरेबियन नाइट्स मराठीत आणल्या, एवढंच घरात ऐकून माहीत होतं. आता ‘एकेक पान गळावया’ हाती आलं. नवरा, मुलं, संसार असूनही स्वतःचा वेगळा विचार करणाऱ्या बायका आईने मराठीत प्रथमच वाचल्या. नवऱ्याच्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, परदेशात राहणाऱ्या, स्वतःची नोकरी गावी सोडून आलेल्या बाईला त्या पुस्तकात काय सापडलं असेल, ते आम्हाला पुष्कळ उशिरा समजलं. त्या दोघी भाजी निवडताना त्या पात्रांविषयी शेजारणींविषयी बोलावं तशा बोलत.

‘बलुतं’ने मात्र घर ढवळून निघालं. दया पवारांचं हे दलित आत्मकथन १९७८चं, पण आमच्याकडे पोचायला एवढी वर्षं गेली. मोठ्यांच्या बोलण्यात गाव म्हणजे आंबे, जत्रा, नदी. ते पुस्तक वाचल्यावर काकांनी आमच्या गावात पाणवठ्यावर कुणाला कुठे उभं राहावं लागे, ते पहिल्यांदा सांगितलं. त्या वर्षातलं सर्वांत मोलाचं वाचन मी यालाच म्हणेन.

जी. ए. कुलकर्णी एकट्या दादाला भिडले. आम्ही धाकटे त्या कथांना घाबरलो.

१९९०च्या जूनमध्ये आम्ही मुलं आणि आई-काकू सुट्टीवर आलो. २ ऑगस्टला इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या. बाबा आणि काका बगदादमार्गे अम्मानला पोचले आणि तिथून भारतात परतले. लाखाहून अधिक भारतीय त्या वेळी असेच परतले. पुस्तकांची फळी तिथेच राहिली. पुढे आम्ही भावंडांनी तेच लेखक पुन्हा विकत घेतले, आणि १९९४ साली प्रकाश नारायण संतांचं ‘वनवास’ आलं तेव्हा दादाने त्यातल्या लंपनची बातमी सगळ्यांना पत्राने कळवली.

एक लेखक मात्र त्या फळीवर यायला हवा होता. आमच्या वरच्या मजल्यावर पॅलेस्टिनी कुटुंब राहत होतं. त्या कुटुंबातली मुलं आमच्याबरोबर जिन्यात खेळत, त्यांची आई गरम खुबूस रोटी पाठवी. त्यांचा लेखक घस्सान कनफानी १९५०च्या दशकात कुवेतमध्येच शिक्षक होता. नोकरीच्या आशेने कुवेतला निघालेले तीन पॅलेस्टिनी पाण्याच्या रिकाम्या टँकरमध्ये उष्म्याने मरतात, ही कथा त्याने लिहिली. पोटासाठी त्याच वाळवंटात आलेल्या आमच्या माणसांना ती आपली वाटली असती. युद्धानंतर बहुतेक पॅलेस्टिनींना कुवेत सोडावं लागलं. वरचं कुटुंब कुठे गेलं, ते कळलं नाही.

आज खैतानमध्ये, फरवानियात राहणाऱ्या मराठी घरांना माझी विनंती आहे, मराठी पुस्तकांशेजारी कनफानी ठेवा आणि सौद अल-सनूसीही ठेवा. कुवेती बाप आणि फिलिपिनो मोलकरीण यांच्या मुलावरच्या त्याच्या कादंबरीला २०१३चा अरबी कादंबरीसाठीचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दोघंही इंग्रजी अनुवादात उपलब्ध आहेत.