ओढायची दोरी

वर्षभर तिला कुणाचा हात लागू नये, असंच सगळ्यांना वाटत असतं, आणि तरीही ती जागेवर हवी असते. न्हाणीघरात कमोड आणि टब यांच्या मधल्या भिंतीवर एक चौकोनी पट्टी, पट्टीत बोटाच्या पेराएवढा खटका आणि खटक्याला लोंबणारी पांढरी नायलॉनची दोरी. टोकाला लाल प्लॅस्टिकची लटकन. तिची एक बहीण पलंगाच्या उशाशी असते. ती कोरडी, सुखवस्तू, तिच्याबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. न्हाणीघरातली ओढली की खटका खाली पडतो, बाहेर दारावरचा दिवा लुकलुकायला लागतो आणि खाली ऑफिसजवळच्या फलकावर खोलीचा नंबर उजळतो. खटका आपणहून वर जात नाही. कुणीतरी त्या न्हाणीघरात येऊन तो बोटाने वर ढकलेपर्यंत भोंगा थांबत नाही. तिच्या स्वभावातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच. फोनवरून ‘हो हो, बघतो’ म्हणून तिची बोळवण करता येत नाही.

मी सांगतोय ती इमारत ओहायोत, कोलंबसच्या कडेला आहे. चर्चशी संलग्न ना-नफा संस्थेची, चार मजली, म्हाताऱ्या माणसांसाठी. तिथल्या लोकांना कागद भरायला मदत करायला मी अधूनमधून जातो. अमेरिकेत चर्चने अशी घरं चालवायची रीत जुनी आहे. १९५९च्या गृहनिर्माण कायद्यातल्या कलम २०२ने तिला सरकारी पैशाची जोड दिली. इमारत काढणारी संस्था नफा न कमावणारी हवी आणि राहायला येणाऱ्याचं वय निदान ६२ हवं, अशी ती व्यवस्था. याच ओहायोत १९६१मध्ये चार प्रेस्बिटेरियन चर्चनी मिळून नॅशनल चर्च रेसिडेन्सेस ही संस्था काढली. तिची पहिली वसाहत वेव्हरली गावात, युरेनियमचा कारखाना उभारायला आलेल्या कामगारांसाठी बांधलेल्या घरांमध्ये. अणुयुगाची रिकामी झालेली बिऱ्हाडं म्हाताऱ्यांच्या कामी आली.

आमच्या इमारतीतला चर्चचा वाटा आता संचालक मंडळ, नाताळची जेवणं आणि माझ्यासारखे फुकट राबणारे एवढाच. प्रार्थनेला यायलाच हवं अशी अट नाही, आणि घालावीशी वाटली तरी १९६८चा फेअर हाउसिंग कायदा आडवा येतो. त्यामुळे एकाच मजल्यावर निवृत्त वेट्रेस, सोमाली आजी, भूतानमधून हाकलले गेलेले नेपाळी बोलणारे आजोबा आणि मूळच्या सांगलीच्या आमच्या काकू असे शेजारी आहेत. भाडं उत्पन्नावर. ठरलेल्या वजावटी करून उरेल त्याच्या ३० टक्के भाडेकरूने द्यायचे, बाकीचं सरकार भरतं. दर वर्षी प्रत्येकाने सोशल सिक्युरिटीचं पत्र आणि बँकेचे कागद घेऊन खाली यायचं, आपण अजूनही पुरेसे गरीब आहोत हे सिद्ध करायचं आणि सही करायची. त्या महिन्यात कॉरिडॉरमध्ये लग्नघरासारखी पळापळ असते.

दोरीचा मात्र कुणी दाखला मागत नाही. तिचं काम एकच, जमिनीपर्यंत पोहोचणं. अमेरिकन सरकारचं गृहखातं इमारती तपासायला माणसं पाठवतं. त्यांच्या नव्या नियमावलीत दोरीचं टोक जमिनीपासून ६ इंचांपेक्षा वर असलं तर तो दोष धरला जातो. कारण उघड आहे. पडलेला माणूस जमिनीवर असतो. त्याचा हात जिथपर्यंत जाईल तिथे लटकन हवी.

आणि नेमकं हेच कुणाला नको असतं. मॉप मारताना ती आडवी येते. ओल्या फरशीवर घासून तिचं खालचं टोक करडं पडतं. मांजरं तिच्यावर जीव टाकतात. (मांजर पाळायला १९८३च्या कायद्याने मुभा आहे, त्यामुळे तेही इथले रीतसर रहिवासी.) काकू अंघोळ करतात बादली-मगानेच, टबात प्लॅस्टिकचं स्टूल ठेवून, आणि पाणी उडतं ते थेट दोरीवर. त्यांनी ती टॉवेलच्या दांडीला गुंडाळून वर बांधून टाकली आहे. मी एकदा म्हटलं, ‘‘काकू, खाली सोडा ना ती.’’ काकू म्हणाल्या, ‘‘अरे, मी पडेन तेव्हा सोडेन.’’

तपासणीच्या आधी मॅनेजरबाई आणि देखभालीचा माणूस प्रत्येक न्हाणीघरात जाऊन दोऱ्या सोडवतात. दांडीला गुंडाळलेल्या, खिळ्याला अडकवलेल्या, केसांच्या चापाने आवळलेल्या. एकीची तर वेणीच घातलेली निघाली. गाठ सुटली तरी नायलॉनमधल्या वळ्या जात नाहीत, म्हणून दोरी सरळ न पडता आखडून वर उचललेली राहते, ६ इंचांचे ९ इंच होतात. मग देखभालीचा माणूस लटकन हातात धरून तिला खाली ओढून ताणतो. मात्र जपून, खटका पडणार नाही अशा बेताने. ते काम बघण्यासारखं असतं.

पण मॉप आणि मांजर ही वरवरची कारणं झाली. खरं कारण असं की तिला लोक चहाडखोर समजतात. अमेरिकेत ६५च्या पुढच्या चारांतला एक तरी माणूस वर्षात पडतो, आणि त्यातले निम्म्याहून जास्त लोक डॉक्टरला सांगत नाहीत. आमच्या इमारतीत का सांगत नाहीत ते मला माहीत आहे. दोरी ओढली की नोंद होते. मॅनेजरबाई वहीत लिहितात, तातडीच्या संपर्काच्या फॉर्मवर ज्याचं नाव असेल त्याला फोन जातो, आणि फोनवरचा मुलगा किंवा मुलगी ‘नर्सिंग होम’ हे दोन शब्द उच्चारते. पडलेल्या माणसाला कमरेच्या हाडापेक्षा या दोन शब्दांची धास्ती जास्त. म्हणून तो दोरी हाताशी असताना सरपटत बाहेरच्या खोलीत जातो, खुर्चीला धरून उठतो आणि दुसऱ्या दिवशी ‘पाय जरा मुरगळला’ असं सांगतो.

हा तिच्यावर अन्याय आहे, असं माझं मत. ही इमारत म्हणजे नर्सिंग होम नव्हे. इथे नर्स नाही, औषधं द्यायला कुणी येत नाही. स्वतःची किल्ली, स्वतःचा चुलखंड, स्वतःचा भाडेकरार. पडलात म्हणून काढून टाकायचा संस्थेला अधिकारही नाही, भाडं भरा आणि घर नीट ठेवा म्हणजे झालं. सर्व्हिस को-ऑर्डिनेटर म्हणून एक बाई आहेत, त्या कुठली मदत कुठून मिळेल ते जुळवून देतात. पण रात्री दोन वाजता त्या घरी असतात. त्या वेळी या चार मजल्यांत देखभाल म्हणून जे काही आहे ते म्हणजे दोरी. ती आहे म्हणून माणूस एकटा राहू शकतो, आणि एकटेपण जाईल या भीतीने तोच तिला बांधून ठेवतो.

तिच्या बदलीचा खर्च गंगाजळीतून होतो. लिफ्ट, बॉयलर, फ्रिज, दोऱ्या, सगळ्यांची तजवीज त्याच एका राखीव निधीत. सरकारशी असलेला भाड्याचा करार दर वर्षी नवा करावा लागतो. डिसेंबर २०१८ ते जानेवारी २०१९मध्ये वॉशिंग्टनमध्ये ३५ दिवस कारभार बंद पडला, तेव्हा देशभरातल्या अशा शेकडो इमारतींचे करार संपून गेले आणि नवे कुणी करेना. गृहखात्याने मालकांना कळवलं, तूर्त गंगाजळीतून भागवा. म्हणजे राजकारणी भांडत होते तेव्हा म्हाताऱ्यांची भाडी उद्याच्या लिफ्टच्या आणि उद्याच्या दोऱ्यांच्या पैशातून भरायची. शिवाय इमारतीत जागा मिळावी म्हणून नाव नोंदवलेले लोक वर्षानुवर्षं थांबलेले असतात. त्यांच्या न्हाणीघरात दोरीही नाही.

या वर्षी ती खरोखर एकदा ओढली गेली. तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहतात. रात्री उठल्या, गालिच्याच्या कडेला पाय अडकला, न्हाणीघराच्या उंबऱ्यावर पडल्या. त्यांची दोरी सुदैवाने मोकळी होती, कारण त्यांच्या मांजराने गाठ सोडून टाकलेली. दिवा लुकलुकला, समोरच्या दारातून सोमाली आजी बाहेर आल्या, अग्निशमन दलाची दोन धिप्पाड पोरं आली, त्यांनी बाईंना काखेत हात घालून उचललं, नाडी बघितली, इस्पितळात न्यायची गरज नाही म्हणून सांगितलं आणि खटका वर करून निघून गेली. सकाळी बाईंची तक्रार एवढीच, की पोरांच्या बुटांनी गालिचा खराब केला.

दुपारी मुलीचा फोन आला. बाई म्हणाल्या, काही नाही गं, मांजराने ओढली. मॅनेजरबाई शेजारीच उभ्या होत्या, त्या गप्प राहिल्या. वहीत मात्र त्यांनी जे घडलं तेच लिहिलं.

आठवड्याने मुलीकडून पार्सल आलं. त्यात मांजराचं खेळणं होतं, पिसं बांधलेली लांब दोरी, दाराला अडकवायची. सोबत चिठ्ठी, की आता तरी न्हाणीघरातली सोडेल.