टाचेवरचा टाका

मे महिना सरत आला की चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात शेडचे पत्रे बदलायची आणि पन्हळी साफ करायची घाई सुरू होते. पहिल्या पावसाआधी ही कामं उरकायची असतात. त्याच दिवसांत आमच्याकडे मोडलेल्या टाचा येतात. उंचावरून सटकलेला माणूस पायांवर आदळला की अंगाचा सगळा भार टाचेच्या हाडावर येतो. हे हाड बाहेरून पातळ कवचाचं आणि आतून जाळीदार असतं, त्यामुळे ते चेपलं जातं, रुंद होतं, त्याचे तुकडे होतात. अशा दर दहा रुग्णांमागे साधारण एकाच्या कण्यालाही इजा झालेली असते, म्हणून टाच दाखवायला आलेल्या माणसाची पाठही आम्ही न चुकता तपासतो.

पुणे-नाशिक रस्त्यालगतच्या एका रुग्णालयात मी हाडांच्या शस्त्रक्रिया करते. दोन वर्षांपूर्वी महाळुंग्याहून एक कंत्राटी कामगार आला. तिशीतला, धाराशिवकडचा. चौदा फुटांवरून पडला होता. सोबत मेव्हणा होता. टाच सुजून तट्ट झाली होती, बाहेरच्या बाजूला पाण्याचे दोन फोड आले होते. सीटी स्कॅन पाहिला आणि सांगितलं, "ऑपरेशन लागेल, पण दहा-बारा दिवसांनी."

"मॅडम, उद्याच्या उद्या करून टाका," तो कळवळून म्हणाला. "खाडा पडला की ठेकेदार पैसे कापतो. घरी दोन लेकरं आहेत."

मेव्हण्याच्या चेहऱ्यावर वेगळाच संशय होता: हे लोक बिल वाढवायला तर थांबवत नाहीत? संध्याकाळी सुपरवायझरचाही फोन आला. माणूस कधी उभा राहील, एवढंच त्याला हवं होतं.

मी हटले नाही. त्याला कारण होतं.

शिकून नुकतीच बाहेर पडले होते तेव्हा, दुसऱ्या एका रुग्णालयात, मी अशीच एक टाच चौथ्या दिवशी उघडली होती. हाड सुरेख जुळलं. एक्स-रे बघून समाधान वाटलं. कातडी मात्र जुळेना. सुजलेल्या कडा ओढून एकत्र आणल्या आणि स्टेपलरने भराभर पिना मारल्या. पाचव्या दिवशी ड्रेसिंग सोडलं तर छेदाचा कोपरा जांभळा पडलेला. आठवड्यात तो काळा झाला, गळून पडला आणि आतली प्लेट दिसू लागली. शेवटी प्लास्टिक सर्जनना पोटरीकडचं मांस-कातडं फिरवून ती जागा झाकावी लागली. तो माणूस पाच महिने घरी होता. एकदा त्याने मला विचारलं, "मॅडम, हाड जुळलं म्हणता, मग मला चप्पल का घालता येत नाही?" ती चूक माझी होती. तेव्हापासून मी टाचेच्या एक्स-रेआधी कातडी बघते.

पायाची कातडी एकसारखी नसते. तळव्याची जाड आणि टणक, पावलाच्या वरची पातळ, टाचेच्या बाहेरच्या अंगाची तर थेट हाडावर ताणून बसवल्यासारखी. तिच्याखाली स्नायूची गादी नाही. मोठ्या शस्त्रक्रियेत तिथे इंग्रजी एल अक्षरासारखा छेद घेतात, आणि त्या एलच्या कोपऱ्याला रक्त पुरवायला मागच्या बाजूने येणारी एक बारीक रोहिणीच मुख्य आधार असते. सुजेने कातडी आधीच ताणलेली असते. त्यावर टाक्याचा फास आवळला की उरलेलं रक्तही थांबतं. म्हणून टाका जरी सगळ्यात शेवटी घातला जात असला, तरी तो कसा घालायचा याचा विचार रुग्ण दाखल होतो त्या दिवसापासून करावा लागतो.

महाळुंग्याच्या त्या कामगाराचा पाय बारा दिवस आम्ही उशांवर, छातीपेक्षा उंच ठेवला. बर्फ, आधाराला प्लास्टर, फोडांना हात लावायचा नाही. रक्तातली साखर तपासली, ती ठीक होती. खरी लढाई तंबाखूशी होती. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि आम्हाला तर त्याच हव्या होत्या. तिसऱ्या दिवशी सिस्टरना उशीच्या अभ्र्यात तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी सापडली. त्या रागावल्या नाहीत. पलंगाशी स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "दादा, ही पुडी तुमच्या टाचेचं रक्त पिते. लेकरांसाठी महिनाभर सोडा." त्याने पुडी त्यांच्याच हातात दिली.

तेराव्या सकाळी मी त्याचं पाऊल हळूच वर आणि बाहेरच्या बाजूला वळवलं. टाचेच्या बाहेरच्या अंगावर बारीक सुरकुत्या उमटल्या. आम्ही याच सुरकुत्यांची वाट बघत असतो. सूज उतरली, कातडीत ढील आली, एवढं त्या सांगतात.

सगळ्याच मोडलेल्या टाचा उघडाव्या लागत नाहीत. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत, टाच फार बेढब झालेली नसेल तर शस्त्रक्रिया केलेल्या आणि न केलेल्या रुग्णांत दोन वर्षांनी लक्षात येण्याजोगा फरक दिसला नव्हता. तुकडे थोडे असतील तर घोट्याखालच्या लहान छेदातूनही काम होतं, आणि जखमेचा त्रास कमी होतो. या कामगाराची टाच मात्र फार रुंद झाली होती, सांध्याचा पृष्ठभाग आत धसला होता. मोठा छेद टळणार नव्हता.

कातडीचे थर वेगळे न करता ती हाडापासून एकसंध उचलली आणि हाडात बारीक तारा रोवून त्यांच्या आधाराने मागे ठेवली, म्हणजे चिमट्याने पुन्हा पुन्हा धरायला नको. हाड बसलं, प्लेट लागली, आत साचणारं रक्त बाहेर यावं म्हणून नळी ठेवली. "स्टेपलर देऊ?" सिस्टरनी विचारलं. दीड तास झाला होता, सगळे थकले होते. स्टेपलरने दोन मिनिटांत काम आटोपलं असतं. पण पिना कातडीच्या कडा बारकाईने जुळवत नाहीत. हाडांच्या शस्त्रक्रियांचे निकाल एकत्र तपासणारा एक अभ्यास 2010 साली आला होता. त्यात, विशेषतः खुब्याच्या शस्त्रक्रियांनंतर, धाग्यापेक्षा पिनांनी जखमेत जंतुसंसर्ग जास्त आढळला होता. कातडीखालून जाणारा विरघळणारा धागा दिसायला सुंदर, पावलाच्या वरच्या लहान छेदाला मी तो वापरते. इथे सूज पुन्हा येणार होती. नुसता गोंद तर अशा ताणाखाली टिकत नाही. मी 3-0 जाडीचा नायलॉनचा धागा मागितला.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात शिवणीचे चार प्रकार दिले आहेत: वेल्लितक, गोफणिका, तुन्नसेवनी आणि ऋजुग्रंथी. सुई कडेपासून फार लांब टोचली तर दुखतं आणि फार जवळ टोचली तर कड फाटते, हेही तिथे सांगितलं आहे. नायलॉन नवा असला तरी प्रश्न तोच आहे: कड धरायची, पण तिचा जीव घ्यायचा नाही. टाचेसाठी मी आल्गोवर-डोनाटी टाका घालते. सुई तळव्याकडच्या भक्कम बाजूने आत जाते, समोरच्या नाजूक कातडीच्या पोटात शिरते, पण तिच्या वरच्या अंगाने बाहेर येत नाही. आतूनच वळून पहिल्या बाजूला परत येते. गाठही तिकडेच बसते. नाजूक बाजूच्या पाठीवर धाग्याचा एकही वळसा पडत नाही. 2008 साली डुकराच्या कातडीवर लेसरने रक्तप्रवाह मोजला गेला, तेव्हा तपासलेल्या टाक्यांत याच टाक्याने तो सगळ्यात कमी अडवला होता. दोन्ही टोकांकडून एकेक टाका घालत मी कोपऱ्याकडे आले, म्हणजे ताण वाटला जातो. कोपऱ्यावरची गाठ मी कडा जेमतेम टेकतील एवढीच बसवली. मग बोटाने कातडी दाबून सोडली. पांढरी झालेली जागा पुन्हा गुलाबी झाली, तेव्हा कुठे ड्रेसिंग बांधलं.

त्याच आठवड्यात भोसरीहून फोर्कलिफ्टखाली पाऊल सापडलेला एक मुलगा आला. जखमेत ग्रीस आणि माती. त्याच्या आईने विचारलं, "टाके का नाही घातले?" घाण जखम शिवली की जंतू आत कोंडतात, हे मी तिला बसून समजावलं. दोन दिवसांनी पुन्हा धुतली, मग व्हॅक्यूमचं ड्रेसिंग लावलं, शेवटी मांडीची कातडी लावली. न शिवणं हा त्या पावलासाठी योग्य निर्णय होता.

धाराशिवच्या दादांना पंधराव्या दिवशी गावी जायचं होतं, टाके काढून द्या म्हणत होते. हृदयापासून सगळ्यात लांबच्या या जागेला वेळ लागतो. एकविसाव्या दिवशी काढले. कोपऱ्यावर डाळीएवढी खपली होती, ती आठवडाभरात सुकून पडली. तीन महिन्यांनी त्यांनी पूर्ण भार टाकला, सहा महिन्यांनी कामावर गेले, स्टोअरमध्ये, जमिनीवरच्या कामावर. खडबडीत वाटेवर टाच अजून दुखते. पण ते बूट घालून चालतात.

तुमच्या घरातलं, खात्यातलं कुणी असं पडलं, तर डॉक्टरांना "आजच करा" असा आग्रह धरू नका. पाय उंच ठेवा, तंबाखू आणि बिडी बंद करा, साखर तपासा, आणि टाके तीन आठवडे राहू द्या. ठेकेदारांनाही एक विनंती: अशा माणसाचे थांबण्याचे दिवस उपचाराचेच दिवस असतात. ते खाड्यात धरू नका.